मामाची गोळी, भाच्याची गोळी

गेल्या महिन्यात भाचा घरी आला तो टोपी घालूनच. वय सव्वीस, नोकरी चांगली, लग्नाचं बघणं चालू. जेवणं झाल्यावर त्याने टोपी काढली आणि खिशातून गोळ्यांची पट्टी. ‘‘मामा, ही घेऊ का?’’

नाव वाचून मला हसू आलं. फिनास्टेराइड! प्रोस्टेट वाढल्यामुळे हीच गोळी मी सहा वर्षं घेतोय. माझी ५ मिलिग्रॅमची, त्याची १ ची, एवढाच फरक.

‘‘मग तुमचे केस का नाही आले?’’ माझ्या डोक्याकडे पाहत त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. ही गोळी मुख्यतः आहे ते राखते. माझ्याकडे राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

टकलाबद्दल आपल्याकडे जितकी माणसं तितकी कारणं. बोअरचं पाणी, हेल्मेट, जागरण. माझ्या बहिणीने तर पोराच्या डोक्याला दोन महिने कांद्याचा रस चोळला. खरं कारण मात्र १९४२ मध्येच पुढे आलं. अमेरिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवलं, की वयात येण्याआधी वृषणं गमावलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही. अशांना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचे केस जाऊ लागले. म्हणजे वारसाही हवा आणि संप्रेरकही. (टकल्या माणसात पौरुष जास्त, ही समजूत मला आवडते, पण खोटी आहे. संप्रेरक इतरांइतकंच असतं. केसांची मुळं त्याला हळवी असतात.)

पुढचा धागा १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास गावात सापडला. तिथे काही मुलं मुलगी म्हणून वाढत आणि वयात येताना त्यांचं पुरुषपण दिसू लागे. टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रभावी रूप, म्हणजे डीएचटी, बनवणारं विकर त्यांच्यात कमी होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राही आणि कपाळावरचे केस मागे सरत नसत. फिनास्टेराइड हेच विकर अडवतं. रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. अमेरिकेत ही गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १९९७ मध्ये टकलासाठी मंजूर झाली.

गोळी काम करते, यात वाद नाही. पण बंद केली, की वर्षभरात कमावलेलं सगळं जातं. चाचण्यांमध्ये ३.८ टक्के पुरुषांना कामेच्छा किंवा लैंगिक क्षमतेच्या तक्रारी आल्या. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्क्यांना. आकडे लहान आहेत. तरी काहींच्या तक्रारी गोळी सोडल्यावरही टिकल्या, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये माहितीपत्रकात घालायला लावलं. युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही या गोळीने जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून डॉक्टरला आठवणीने सांगावं लागतं. गर्भवती स्त्रीने तर फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पोटातल्या मुलग्याला धोका असतो. चिठ्ठीशिवाय पट्टी देणाऱ्या दुकानदाराने यातलं पोराला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

माझा गोळीला विरोध नाही. मी स्वतःच घेतो. पण मी रात्रीतून चारदा उठत होतो. त्याला आजार कसलाच नाही. त्याचं दुखणं आहे बघायला येणाऱ्यांच्या नजरेत. आणि त्या नजरेत मीही आहे. चार वर्षांपूर्वी पुतणीला आलेल्या स्थळाचा फोटो पाहून ‘‘मुलगा चांगला आहे, पण डोकं बघा’’ असं म्हणणारा मीच होतो. तेव्हा हा भाचा शेजारीच बसला होता.

हे त्याला मी सांगितलं. त्याला आठवत होतं.

पट्टी त्याने फेकली नाही, फोडलीही नाही. पुढच्या गुरुवारी त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घेतली आहे, सोबत मी जाणार आहे. निघताना एवढंच म्हणाला, ‘‘मामा, आईला तेवढं कांद्याचं तुम्हीच सांगा.’’