माहिती फुटली, भरपाई कोण देणार?

पॅथॉलॉजी लॅब, पतसंस्था, कोचिंग क्लास यांच्या संगणकांत आज आपले आजार, आपली कर्जे, मुलांचे फोटो साठलेले आहेत. ही माहिती पुरेशा सुरक्षेअभावी फुटली, तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातले काहीच मिळत नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे कलम 43अ वगळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. हा सरळ अन्याय आहे. तो विम्याने बराच भरून काढता येईल. भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने घातक रसायने हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला आणि चूक सिद्ध न करताही पीडितांना मदतीचा हक्क दिला. मूळ कायद्यातली मदत तुटपुंजी होती, मृत्यूसाठी अवघे 25 हजार; तत्त्व मात्र योग्य होते.

विमा असला की मालक निष्काळजी होतील, असा आक्षेप येईल. म्हणूनच दंड विम्यातून भरू देऊ नये. पीडितांची भरपाई आणि नुकसान आवरण्याचा खर्च तेवढा द्यावा. बॅकअप आहे का, जुन्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड बंद केले का, हे तपासून हप्ता ठरला तर निष्काळजीपणा महागच पडेल. छोट्या व्यावसायिकांना हप्ता झेपणार नाही, हे मात्र खरे. त्यांच्या संघटनांनी सामूहिक पॉलिसी घ्यावी. मोठ्या प्रमाणावर माहिती साठवणाऱ्यांना मात्र सरकारने हा विमा सक्तीचाच करावा.