375 मीटर म्हणजे गावात कुठवर?

28 सप्टेंबर 2025 रोजी पैठणच्या जायकवाडी धरणातून गोदावरीत तीन लाख क्युसेकच्या वर विसर्ग सुरू होता. खाली परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतल्या काठच्या गावांना एकच घोर होता: पाणी कुठवर येणार? विसर्गाचा आकडा मोबाइलवर घडीघडीला येत होता. पण त्या आकड्याने आपला गोठा बुडेल की वाचेल, हे कळत नाही. मग आधार राहतो तो जुन्या माणसांच्या आठवणीचा. 2006 च्या पुरात पाणी कुठे टेकलं होतं, त्यावरून अंदाज बांधायचा आणि जनावरं सोडायची.

हा अंदाज बांधायची वेळ यावी, इतकी माहिती काही दुर्मीळ नाही. केंद्रीय जल आयोग सरकारी खर्चाने गोदावरी मोजतो. ढालेगाव आणि गंगाखेडजवळ गोदावरी, पूर्णा इथे पूर्णा, झरी इथे दुधना, अशा त्याच्या मोजणीच्या जागा याच जिल्ह्यात आहेत. गंगाखेडची इशारा पातळी 374 मीटर आणि धोका पातळी 375 मीटर, समुद्रसपाटीपासून. गोदावरी सीमेपलीकडे जाणारी नदी नसल्यामुळे तिची आकडेवारी गंगा-ब्रह्मपुत्रेसारखी गोपनीयही नाही. अडचण पुढे आहे. 375 मीटर म्हणजे महादेवाच्या देवळाची कितवी पायरी? शाळेच्या ओट्याच्या वर की खाली? आणि नदीला उतार असल्यामुळे गंगाखेडचा आकडा वरच्या ढालेगावला किंवा खालच्या पालमच्या गावांना जसाच्या तसा लागूही पडत नाही. प्रत्येक गावाला त्याचा स्वतःचा आकडा हवा, आणि तो काढायला पूरमैदानाचा अभ्यासच लागतो.

महाराष्ट्रात या अभ्यासाचे नियम 1989 पासून आहेत. पाटबंधारे खात्याच्या त्या वर्षीच्या परिपत्रकाने निळी आणि लाल अशा दोन पूररेषा ठरवल्या. निळी रेषा साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल यांमधला नियंत्रित. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षं निर्धास्त, असा अर्थ अनेक जण काढतात आणि तो घातक आहे. असा पूर दरवर्षी येण्याची शक्यता चार टक्के असते. तीस वर्षं राहण्यासाठी बांधलेल्या घराच्या आयुष्यात तो निदान एकदा येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. घरकुलाची जागा ठरवताना हे कुणीतरी सांगायला हवं. पण पूररेषांची चर्चा होते ती पुणे, सांगली, कोल्हापुरात, इमारतींच्या परवानग्यांच्या निमित्ताने.

गोदाकाठचं नुकसान पुराच्या पाण्याने होतं, तसंच पूर उतरतानाही होतं. इथली माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पुरात त्या भेगांतून काठ आतपर्यंत पाणी पितो. पाणी चढलेलं असतं तोवर नदीच काठाला टेकू देते. ती भराभर उतरली की हा टेकू जातो आणि भिजून जड झालेली दरड, वरच्या उभ्या पिकासकट, पात्रात बसते. पायथ्याची वाळू आधीच उपसलेली असेल तर काठ आणखी लवकर खचतो. म्हणूनच काठ सावरायचा तर आधी तो कशाने खचतो हे पाहावं लागतं. कुठे दगडी पिचिंग किंवा तारेच्या जाळीतले दगड लागतील, कुठे बांबू आणि वाळ्याची मुळं पुरतील, तर कुठे वाळूउपसा थांबवणं हाच खरा उपाय असेल. एका काठाला भिंत घातली की धार समोरच्या काठावर जाते, हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक असतं. अंदाजपत्रकात ते दिसत नाही.

उपनद्यांचं दुखणं वेगळंच आहे. पालमजवळ लेंडीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटल्याची बातमी जवळजवळ दर पावसाळ्यात येते. त्यातच गोदावरी भरून वाहत असली की ओढ्यांचं पाणी मागे फुगतं आणि नदीपासून लांब असलेल्या शेतात शिरतं. नुसत्या मुख्य नदीचा नकाशा काढून हा फुगवटा सापडत नाही.

पैशाचं म्हणाल, तर तो खर्च होतोच आहे. 7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47 हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतची तरतूद होती. ही मदत हक्काचीच आहे, तिच्यात कपात सुचवण्याचं कारण नाही. पण माती वाहून गेल्यावर पंचनाम्यासाठी यंत्रणा गावात येते, ती आधी पातळी मोजायला का येऊ नये?

नेदरलँड्सने 1993 आणि 1995 च्या पुरांनंतर बंधारे आणखी उंच करण्यापुरतं न थांबता तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा मोकळी करून दिली. परभणीत एवढ्या मोठ्या खर्चाची आज गरज नाही. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे. त्याच छायाचित्रांतून चढउतार काढता येतात. मोजणीच्या नोंदी जल आयोगाकडे, पूररेषेचे नियम जलसंपदा विभागाकडे आणि शेतकरी-विद्यार्थ्यांना जोडणारं कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. हे सगळं एका गावाच्या नकाशावर आणण्याचं काम जिल्हा प्रशासनाने अंगावर घ्यावं.

गोदा, पूर्णा आणि दुधना काठच्या गावकऱ्यांनी येत्या ग्रामसभेत एवढा ठराव जरूर मांडावा: आमच्या गावाची निळी आणि लाल रेषा मोजून द्या, शाळेच्या आणि देवळाच्या भिंतीवर ती रंगवा, आणि काठाचं कोणतंही काम मंजूर करण्याआधी त्याचा अभ्यास ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवा.