पहिली खबर, पहिला अन्याय

मार्च २००२ च्या प्रारंभी गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातील लिमखेडा पोलीस ठाण्यात एक गर्भवती मुस्लिम स्त्री फिर्याद घेऊन आली. तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता, कुटुंबातील माणसे डोळ्यांदेखत मारली गेली होती, आणि हल्लेखोर तिच्या ओळखीचे होते. हेड कॉन्स्टेबलने खबर नोंदवली. परंतु तीत ना बलात्काराचा उल्लेख होता, ना आरोपींची नावे. त्या कागदावर निरक्षर फिर्यादीचा अंगठा घेण्यात आला. वर्षभरात प्रकरण बंदही झाले.

सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि खटला मुंबईत चालवण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे सत्य बाहेर आले. जानेवारी २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप झाली. खोटी नोंद करणारा हेड कॉन्स्टेबलही दोषी ठरला. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी पाच पोलीस व दोन डॉक्टरांना दोषी धरले. पहिल्या दिवशी जे लिहून घ्यायला हवे होते, ते न्यायालयात सिद्ध व्हायला सहा वर्षे लागली. पुढे १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने ११ आरोपींना मुदतीआधी मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

हा एका शिपायाचा अपराध मानून स्वस्थ बसता येणार नाही. गुजरातमधील दंगलीची बंद केलेली दोन हजारांवर प्रकरणे पुन्हा तपासण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला. महाराष्ट्राचा इतिहासही वेगळा नाही. १९७० च्या भिवंडी, जळगाव व महाड येथील दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलीस तपासातील जातीय पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींविषयी न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये तेच सांगितले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. या दोन्ही दंगलींच्या वेळी राज्यात काँग्रेसचे सरकार होते. शिवसेना-भाजप सरकारने श्रीकृष्ण अहवाल फेटाळला; नंतरच्या काँग्रेस आघाडी सरकारांनीही तो गांभीर्याने अंमलात आणला नाही.

दंगलीत जे उघडे पडते, ते एरवीही ठाण्यात चालतच असते. दखलपात्र गुन्हा असूनही अल्पसंख्य फिर्यादीची अदखलपात्र म्हणून ‘एन.सी.’ नोंदवली जाते. त्याने नावे सांगितली तरी कागदावर ‘अज्ञात जमाव’ उमटतो. त्याच्यावरच उलट फिर्याद दाखल करून तडजोडीचा दबाव आणला जातो, आणि शेवटी ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाहीत, असा शेरा मारून फाईल मिटते. लाठी दिसते, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चा निघतो. लेखणीचा पक्षपात मात्र दप्तरात दडून राहतो.

कायदा काय म्हणतो? दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात दिला. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा देऊन टाळाटाळीला नवी वाट करून दिली आहे. खबर नोंदवण्यास नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा देणारी भारतीय न्याय संहितेतील तरतूद मुख्यतः स्त्रियांवरील अत्याचारांच्या ठराविक गुन्ह्यांपुरती आहे. दलित-आदिवासींसाठी अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४ आहे. परंतु धार्मिक अल्पसंख्याकाचे दुकान जाळले गेले आणि ठाण्याने फिर्याद नाकारली, तर त्या नकाराला स्वतंत्र शिक्षा सांगणारे असे कलम नाही.

या पक्षपाताचे मूळ राज्ययंत्रणेच्या घडणीत आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ च्या कायद्याने जे पोलीस दल उभारले ते प्रजेला धाकात ठेवण्यासाठी. स्वातंत्र्यानंतर धनी बदलले, दलाचा बाज बदलला नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार भारतीय पोलीस सेवेत मुसलमान अवघे ४ टक्के होते. २००१ च्या जनगणनेत लोकसंख्येत त्यांचे प्रमाण १३.४ टक्के होते. त्यातही जो गरीब आहे, यंत्रमागावर राबतो वा हातगाडी लावतो, त्याला ठाण्याची पायरी अधिकच उंच वाटते. मालकाच्या घरची चोरी तासाभरात नोंदली जाते. मजुराच्या जळलेल्या झोपडीला पुरावा मागितला जातो.

म्हणून खबर नाकारण्याचा वा ती विकृत करण्याचा अपराध सर्व फिर्यादींच्या बाबतीत शिक्षापात्र करावा, २००६ च्या प्रकाशसिंग निकालाप्रमाणे खरोखर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमावीत आणि दलात अल्पसंख्याकांची भरती वाढवावी, या मागण्यांसाठी देशभर आंदोलन उभे राहिले पाहिजे. पण कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. ठाण्याकडे निघालेला फिर्यादी एकटा जाता कामा नये. त्याच्याबरोबर युनियनचा, शेतमजूर संघटनेचा, महिला संघटनेचा कार्यकर्ता हवा. नोंदलेली खबर त्याला वाचून दाखवली गेली का, मोफत प्रत हातात पडली का, हे त्याने पाहावे. नकार मिळाला तर त्याच दिवशी पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे.

हे काम सभांइतके गाजणार नाही. पण ज्या वस्तीतला हिंदू कामगार आपल्या मुसलमान सोबत्याची फिर्याद नोंदवून घेण्यासाठी ठाण्यात ठाण मांडून बसतो, त्या वस्तीत फूट पाडणे जमातवाद्यांना सोपे जाणार नाही.