रुतलेली ट्रॉली ओढण्याआधी

घोडबंदर रोडचा आणि आपल्या उसाच्या फडाचा संबंध काय, असे सभासद बंधू-भगिनी विचारतील. संबंध आहे. घाटावरून वसईकडे आणि पुढे गुजरातेत जाणारा बराच अवजड माल त्या रस्त्याने जातो, आणि आपल्या कित्येक सभासदांची मुले आज त्याच रस्त्याच्या कडेला बिऱ्हाड करून आहेत. गेल्या पावसाळ्यात कामानिमित्त ठाण्याला गेलो असता गायमुखच्या चढावर आम्ही दोन तास खोळंबलो. हा घाट अरुंद. 2024 च्या उन्हाळ्यात त्याची दुरुस्ती निघाली तेव्हा अवजड गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या होत्या. तेथे एक ट्रक बसला की इकडे ठाण्याच्या अंगाला आणि तिकडे फाउंटन हॉटेलच्या नाक्याकडे रांग लागते. त्या दिवशी एका भरल्या ट्रकची मागची चाके कडेच्या चिखलात गेली होती.

क्रेन आली. पण क्रेनवाल्याने पहिली दहा मिनिटे वायररोपला हातच लावला नाही. बॅटरी घेऊन तो बंपरखाली वाकून पाहत होता. मागचे लोक हॉर्न वाजवीत होते, ट्रकचा ड्रायव्हर म्हणत होता, "लावा की बंपरलाच!" त्याने ऐकले नाही. चासीला असलेली टोचनची पिन शोधली, तिची माती काढली, शॅकल अडकवले, आणि वायररोपच्या रेषेत उभी असलेली सारी बघी मंडळी शिव्या देऊन लांब पिटाळली. मग हळूहळू ताण दिला. झटका एकही नाही. ट्रक वर आला.

आता आपल्या फडात काय चालते ते पाहू. ट्रॉली रुतली की मुकादम ओरडतो, शेजारचा ट्रॅक्टर येतो, आणि साखळी हाताला लागेल तेथे गुंडाळली जाते. कधी अ‍ॅक्सलला, कधी पाट्याला, कधी मागच्या दिव्याच्या पट्टीला. "बघू, निघतीय का!" असे म्हणत ड्रायव्हर क्लच सोडून हिसका देतो. साखळीपासून चार हातांवर टोळीतल्या बाया मोळ्या घेऊन उभ्या, त्यांची पोरे बांधावर. साखळी तुटली किंवा कडी उपटली तर मार लागायचा तो त्यांना. ट्रॉलीचा मालक त्या वेळी बहुधा गावात असतो.

गाडीवाले मंडळी रुतलेले वाहन बाहेर काढण्याला 'रिकव्हरी' म्हणतात. आपल्याकडे रिकव्हरी म्हटले की साखर उतारा आठवतो. गंमत अशी की दोन्ही रिकव्हऱ्या बिघडण्याचे एक कारण एकच आहे, ते पुढे सांगतो.

प्रथम जोराचा हिशेब. अमेरिकन लष्कराच्या वाहने ओढून काढण्याच्या पुस्तकात एक ढोबळ नियम आहे. गाडी तुंब्यापर्यंत रुतली तर तिच्या पुऱ्या वजनाइतका ओढा लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. ट्रॉलीत दहा टन ऊस आणि ट्रॉलीचे स्वतःचे दोन-अडीच टन धरा. तुंब्यापर्यंत रुतली तरी बारा टनांच्या पुढे गेलो. आता पाऊण इंची चांगल्या शॅकलवर काम करण्याचे वजन कोरलेले असते 4.75 टन. आणि आपण बाजारातून आणलेल्या साखळीवर तर काहीच कोरलेले नसते! म्हणजे भरली ट्रॉली आपल्या सामानाने ओढून काढणे हा हिशेबात न बसणारा धंदा आहे. आधी ऊस उतरवायचा, मागची दुसरी ट्रॉली सोडायची, चाकापुढचा चिखल फावड्याने काढायचा आणि मग ओढायचे. ज्या चाकोरीने आत आली त्याच चाकोरीने मागे ओढली तर जोर कमी लागतो. म्हणूनच हूक फक्त पुढे असून भागत नाही, मागेही लागतो.

हूक कोठे असावा? चासीच्या मुख्य लोखंडाला, आतून पट्टी देऊन, 8.8 छापाच्या बोल्टांनी आवळलेला. बाजारच्या दिवशी वेल्डिंग मारून घेतलेल्या कडीवर आमचा भरवसा नाही. जीपगाड्यांना खाली दोर बांधण्यापुरत्या ज्या लहान कड्या असतात त्या गाडी ट्रकवर लादताना बांधण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नव्हेत. आणि ट्रॉली जोडण्याचा जो गोल बॉल असतो त्याला तर साखळी कधीच लावू नये. ऑस्ट्रेलियात असा बॉल मोडून तोफेच्या गोळ्यासारखा उडाल्याने माणसे दगावली आहेत. तेथे 2010 सालापासून ओढण्याच्या पट्ट्यांवर तशी ताकीद छापणे सक्तीचे आहे. तोही उसाचाच मुलूख आहे.

दोन हुकांना एक साखळी लावून मधोमध ओढायचे असेल तर साखळी लांब ठेवावी. आखूड साखळीचे दोन पाय फाकून 120 अंशांचा कोन झाला की प्रत्येक पायावर निम्मा नव्हे, पुरा ओढा येतो. वायररोपच्या मध्यावर ओले पोते टाकावे, तुटली तर फटका मंदावतो. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. रस्त्यावर टोचन करताना दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, हा कायदा आहे. फडात मात्र दोर लांबच बरा, म्हणजे ओढणारा ट्रॅक्टर वाफशावर, कठीण जमिनीवर उभा राहतो.

ओढणाऱ्या ट्रॅक्टरविषयी दोन शब्द जास्त. साखळी खालच्या ड्रॉबारलाच. टॉप लिंकला किंवा अ‍ॅक्सलच्या वर लावली की ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो ड्रायव्हरच्या अंगावर मागे उलटतो. याला दीड सेकंद पुरतो. क्लच दाबेपर्यंत सगळे संपलेले असते. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका बांधून "चढव आता" म्हणणारे हुशार लोक प्रत्येक गावात आहेत. चाक अडले की फिरायला ट्रॅक्टरच उरतो, हे त्यांना कोणी तरी सांगावे.

आता ते कारण. तोडीची चिठ्ठी येणार असे कळले की वजनासाठी पाणी सोडणारे सभासद आहेत, आम्ही त्यांना ओळखतो. तोडणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी तोडा, असे शेतकी खाते दर हंगामात सांगते. ओल्या फडातल्या उसाचा उतारा घटतो, काळ्या जमिनीत ट्रॉली बसते, आणि दोन मण वजनासाठी दुसऱ्याच्या पोराचा जीव टांगणीला लागतो. पाणंदीचेही तेच. 2021 साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, पण बांधावरचे चार फूट सोडायचे म्हटले की भावकी उठते.

आमचे मत असे की वाहतुकीच्या करारात रिफ्लेक्टरप्रमाणेच पुढे-मागे बोल्टचे हूक असल्याची अट घालावी, आणि कारखान्याच्या वर्कशॉपने ते पाहून मगच उचल द्यावी. एका वाहतूकदाराने आम्हाला विचारले, "साहेब, हूक बसवतो. पण ऊस उतरवून परत भरायचं कोण? टोळी टनावर काम करतीय. फुकट कोण भरंल?" प्रश्न रास्त आहे. टोळीला त्या श्रमाचा पैसा मिळत नाही, म्हणूनच भरली ट्रॉली ओढली जाते. ज्याच्या फडात तोडीच्या तोंडावर पाणी दिलेले आढळेल त्याच्या बिलातून उतरवणी-भरणीची मजुरी कापावी. अवकाळी पावसाने ट्रॉली रुतली असेल तर ती मजुरी कारखान्याने सोसावी. सभासदांना हे कडू लागेल. वार्षिक सभेत त्यांनी जरूर बोलावे, आम्ही उत्तर द्यायला हजर राहू.