बाखरबाबांचे ऋण आणि आपला ऊस



ऊस विकास खात्याच्या पानावर लागणीचे, बेण्याचे, खताचे बोलायचे सोडून एका पाद्रीबाबांची आठवण कशाला, असे कोणी विचारील. कारण एकच. पाणी.

फादर हर्मन बाखर यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मायदेशी, स्वित्झर्लंडमध्ये देह ठेवला. जन्म १९२४ चा. १९४८ साली हा तरुण येशूसंघीय हिंदुस्थानात आला आणि उमेदीची सारी वर्षे त्याने आपल्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या माळरानावर घालविली. खेड्यापाड्यांतले लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. ज्याला गाव 'बाबा' म्हणते, त्याचा धर्म कोणता हे गाव मग विचारीत नाही.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे आपल्या घरांत अजून आहेत. पुढे पाऊस झाला, माणसे शेताकडे परतली. पण डोंगर उघडे ते उघडेच राहिले. बाबांनी नेमके तिथे बोट ठेवले. जर्मनीच्या मदतीतून आणि नाबार्डच्या साथीने जो इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, त्यामागे तेच होते. १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटर ही संस्था काढली.

त्यांची रीत साधी, पण अटी कडक. आधी गावाने श्रमदान करायचे, मग पैशाची गोष्ट. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी गावानेच ठरवायची आणि गावानेच पाळायची. काम माथ्यापासून सुरू करायचे, पायथ्याकडे नंतर यायचे. कारण माथ्यावर धावते पाणी चालते केले आणि चालते पाणी थांबविले, तरच खाली विहिरीला झरा फुटतो. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागे. १९९६ पासून तिथे याच रीतीने काम झाले. पुढे ते गाव पाहायला लांबलांबची माणसे येऊ लागली.

आता आपले बोलू. आणि आधी आमचे.

आम्ही ऊस विकास खात्यातली माणसे. गाळपाला ऊस कमी पडू नये म्हणून आम्ही दारोदार फिरलो, वरच्या कोरडवाहू गावांतही आडसालीची शिफारस केली. एका सभासदाने केवळ आमच्या शब्दावर दोन एकर लागण केली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीने तळ दाखविला आणि कांड्यावर आलेला ऊस उभ्या उभ्या वाळला. तो आम्हाला एका शब्दानेही बोलला नाही. शिवी दिली असती तर बरे वाटले असते. त्या उसाची नोंद आम्ही घेतली होती; विहिरीची नोंद घ्यायची राहिली होती.

बाबांची शिकवण आमच्या ध्यानात आली ती त्या बांधावर. खालच्या अंगाचा ऊस हा वरच्या अंगाच्या पाण्यावर उभा असतो. आपण मात्र पाणी उपसण्याचाच हिशेब ठेवतो, मुरविण्याचा ठेवीत नाही. विहीर आटली की बोअर, बोअर आटले की आणखी खोल बोअर. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पाणी राखण्यासाठी आपल्या शिवारात उसाला मनाई केली, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ऐकताना आपल्याला झोंबते. पण त्यांचे चुकले, असे म्हणायची आमची छाती नाही.

ऊस सोडा, असे आम्ही म्हणत नाही. आपली चूल त्याच्यावर पेटते. पण आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो, त्याची तहान आधी मोजा. विहिरीला मे महिन्यात किती परस पाणी राहते, ते पाहूनच लागणीचे क्षेत्र ठरवा. मोकाट पाट सोडून ठिबक करा. पाचट पेटवू नका; एकरी तीन-चार टन पाचट निघते, ते खोडव्यात सरीआड पसरले तर ओल टिकते आणि एखाद-दुसरी पाळी वाचते.

आणि एक मागणे कारखान्याकडेही आहे. शेतकी खात्याने लागणीची नोंद घेताना विहिरीची पातळीही लिहून घ्यावी. आपल्या कार्यक्षेत्रातल्या माथ्यावरच्या गावांत समतल चर खणायला खालच्या बागायतदार सभासदांनी वर्षातून चार दिवस श्रमदानाला जावे. हे उपकार नव्हेत. त्यांच्या माथ्यावर मुरलेले पाणी आपण पितो, त्याची ती फेड आहे. पहिल्या दिवशी खात्यातले आम्ही सर्वजण टिकाव-फावडे घेऊन हजर राहू.

सात समुद्रांपलीकडून आलेल्या माणसाने आपल्या डोंगराची काळजी वाहिली. त्यांच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. पण बाबांची अट आठवा: आधी श्रमदान, मग बाकीचे.