पॅरिसपलीकडील फ्रान्स

फ्रान्स देशास जितके परदेशी प्रवासी जातात, तितके अन्य कोणत्याही देशास जात नाहीत. त्यांतील पुष्कळांची पावले पॅरिसकडे वळतात. आपल्या यात्रेकरूंची लूर्दकडे, आणि ते योग्यच आहे. तथापि पांढुर्णा-सौंसरकडील ज्या कुटुंबांतील मुलेमुली परदेशी आहेत, त्यांनी त्या देशाचा आणखी एक कोपरा पाहावा, असे आम्हांस वाटते. तो म्हणजे सव्हॉय प्रांत.

आल्प्सच्या ह्या डोंगरी मुलखात सरोवराकाठी आन्सी हे नगर आहे. जवळच्या थोराँ गावी १५६७ साली संत फ्रान्सिस द सेल्स जन्मले. लोक प्रवचनास येईनात, तेव्हा ते पत्रके लिहून दाराखालून घरांत सरकवीत. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२३ साली त्यांना लेखकांचे आश्रयदाते ठरविले. तेव्हा आमच्या ह्या सदरावरही त्यांची नजर असणारच! त्यांचे व संत जेन द शांताल ह्यांचे देहावशेष आन्सीच्या व्हिजिटेशन मठात आहेत.

ह्याच आन्सीच्या धर्मप्रांतात फादर मेर्मिये ह्यांनी १८३८ साली संत फ्रान्सिसच्या नावाने मिशनरी संघ स्थापिला. त्याची पहिली तुकडी १८४५ साली हिंदुस्थानास निघाली. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. सव्हॉयदेखील फ्रान्सला जोडला गेला तो १८६० साली. निरोप देणाऱ्या कित्येक मातांना आपला पुत्र पुन्हा दिसणार नाही, हे ठाऊक होते. ह्या संघाचे कार्य पुढे विशाखापट्टणहून कामठी-नागपुरास पोहोचले. नागपूर धर्मप्रांत १८८७ साली झाला. तेथील कॅथेड्रल ह्याच संतांच्या नावाचे आहे.

तेथील शेतकरीही मोठे चतुर! जमीनदाराचा माणूस दूध मोजावयास आला की ते गाय अर्धवटच पिळीत, आणि त्याची पाठ फिरताच पुन्हा दोहावयास बसत. त्या दाट दुधाच्या चीजला ‘रेब्लोशाँ’ म्हणतात. नावातच दुसऱ्यांदा दोहणे आहे. आपल्याकडील मालगुजारी १९५१ साली गेली, परंतु ही युक्ती आपल्या वडीलधाऱ्यांस नवी वाटणार नाही.

जिनिव्हाच्या विमानतळापासून आन्सी सुमारे चाळीस किलोमीटर आहे. जाणाऱ्यांनी तेथील खेड्यांच्या दफनभूमींतूनही फिरावे आणि नागपूर-कामठीच्या जुन्या थडग्यांवरील आडनावे तेथे आढळतात काय, ते पाहावे.