सेरेब्रल पाल्सी: मालीश, सराव आणि वेळ
सेरेब्रल पाल्सी हा स्नायूंचा आजार नाही. गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते. ही इजा पुढे वाढत नाही. मात्र हालचाल, तोल आणि ताठपणा यांवर तिचा परिणाम आयुष्यभर राहतो. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी 1862 साली या आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तरी कर्नाटकाच्या सीमाभागात, चिकोडी-निपाणीकडे आजही आईला पहिला दिलासा मिळतो तो असा: "घाई कशाला? याचा मामाही उशिराच चालला होता."

हा दिलासा मायेचा असला तरी मुलाचे नुकसान करतो. कॅनडातील 657 मुलांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. उठणे-बसणे-चालणे यांत मूल जेवढी मजल मारू शकते, तिचा सुमारे 90 टक्के भाग पाचव्या वर्षापर्यंत गाठून होतो, आणि आजार तीव्र असेल तर त्याहून कितीतरी आधी, असे त्यात दिसले. सहाव्या महिन्यातही मान न धरणारे, किंवा वर्षाच्या आतच एक मूठ आवळून दुसऱ्याच हाताने खेळणारे मूल त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

दुसरा समज मालिशीचा: तेल जिरले की नसा मोकळ्या होतात. मालिशीने मुलाला बरे वाटते आणि ती जवळीक मोलाचीच आहे. पण ताठपणाचे मूळ मेंदूत आहे. पाय जोराने ओढले की मूल रडते आणि पाय आणखी ताठतात. हाच दोष काही उपचारपद्धतींतही होता: थेरपिस्टने हातपाय हलवायचे आणि मुलाने पडून राहायचे. ऑस्ट्रेलियातील आयोना नोव्हाक व सहकाऱ्यांनी 2013 साली उपचारांचे पुरावे तपासले, तेव्हा मुलाने स्वतः, ठरावीक कामासाठी केलेला सराव सरस ठरला.

असा सराव घरात बसतो. एक बाजू अधू असलेल्या मुलाच्या चांगल्या हाताला थेरपिस्टने सांगितलेल्या वेळेपुरता मोजा घालायचा आणि टोपलीतल्या भुईमुगाच्या शेंगा परातीत टाकायला सांगायचे. अंगठा तळव्यातच अडकतो, शेंग निसटते. मूल पुन्हा हात घालते. त्या पुन्हा-पुन्हातच मेंदू शिकतो.

म्हणून "हे बेळगाव-मुंबईवाल्यांचे काम" हेही अर्धेच खरे. मुंबईत मिठू आलूर यांनी 1972 साली सुरू केलेल्या स्पास्टिक्स सोसायटीसारख्या संस्थांनी वाट घालून दिली, आणि निदान, इंजेक्शन, शस्त्रक्रिया यांसाठी मोठे रुग्णालय लागतेच. पण चिकोडीहून बेळगाव सत्तरहून अधिक किलोमीटर आहे. विड्या वळणाऱ्या आईला प्रत्येक फेरी एका दिवसाच्या मजुरीला पडते. त्या फेरीत थेरपिस्टने वीस मिनिटे मुलाला हलवण्यापेक्षा दोन-तीन कामे आईच्या हातून करवून घ्यावीत, आणि तीही तिच्या बोलीत. घर मराठी असेल तर कन्नड छापील कागद पुरत नाही. गावचा सुतारही उपयोगी पडतो: पाय सपाट टेकतील, पाठीला कोपरा मिळेल अशी खुर्ची झाली की मुलाचे दोन्ही हात भाकरी मोडायला मोकळे होतात.

उरला आग्रह चालण्याचाच. साधारण एक तृतीयांश मुले चालू शकत नाहीत, आणि व्हीलचेअर म्हणजे उपचार हरले असे नव्हे. तिच्यामुळे शाळा गाठता येते. जवळपास तेवढ्याच मुलांचा खुबा सरकतो, तोही सुरुवातीला न दुखता. न चालणाऱ्या मुलाच्या खुब्याचा एक्स-रे दुसऱ्या वर्षापासून ठरावीक काळाने काढत राहावा. खुबा पूर्ण निखळला की बसणेही दुखरे होते.